सातशे वीसचा फरक

चेक परत गेल्याचं मला घरमालकांच्या फोनवरून कळलं. "खात्यात पैसे नव्हते का?" एवढंच त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. पण विचारून झाल्यावर ते क्षणभर गप्प राहिले आणि तेवढ्यात माझ्या पोटात खड्डा पडला. इतकी वर्षं भाडं एकदाही चुकलं नव्हतं. त्या एका कागदाने सगळ्यावर पाणी फिरवलं असं वाटलं.

चेक १५,००० चा होता. तो लिहिण्याच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतः मशीनवर शिल्लक पाहिली होती, १८,६४०. त्यामुळे चूक बँकेचीच, अशा खात्रीने मी शाखेत गेले. खिडकीमागच्या बाईंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. भाड्याचा चेक पोचायच्या आदल्या दिवशी ६,२०० चा एक चेक वटला होता. दोन महिन्यांपूर्वी आमची जुनी कपाटं दुरुस्त करून देणाऱ्या सुतारांना मी तो दिला होता. त्यांनी डायरीत ठेवला, कामाच्या रगाड्यात विसरले आणि आठवला तेव्हा भरला. यात त्यांचं काही चुकलं नाही. पैसे त्यांचे होते, कधी काढायचे ते त्यांनी ठरवायचं. १८,६४० मधून ६,२०० गेले, १२,४४० उरले आणि १५,००० चा चेक परत फिरला. वर दंड कापला गेला तो वेगळाच.

"पण मला १८,६४० दिसत होते," मी म्हणाले.

"दिसत होते," बाई म्हणाल्या, "पण त्यातले ६,२०० तुम्ही आधीच देऊन बसला होतात."

घरी येईपर्यंत हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. बँकेला तिच्यापर्यंत जे पोचलं तेवढंच कळतं. मी चेकवर सही करून तो समोरच्याच्या हातात देते, त्या क्षणी ते पैसे माझे राहत नाहीत. बँकेच्या वहीत मात्र ते माझ्याच नावावर असतात, चेक तिच्या दारात येईपर्यंत. मधले दिवस दोन असतील नाहीतर साठ. या दिवसांची नोंद ठेवणारं माणूस एकच असू शकतं, ते म्हणजे चेक लिहिणारं. आणि मी तर चेकबुकातल्या स्थळप्रतीसुद्धा, म्हणजे चेक फाडल्यावर मागे उरणारे तुकडेही, कोऱ्या सोडत होते.

कार्डाचंही थोड्याफार फरकाने तेच. काही ठिकाणी आधी अंदाजे रक्कम अडवून ठेवतात, खरी रक्कम दोन-तीन दिवसांनी कापली जाते आणि ती वेगळी असते. म्हणून पडद्यावर कधीकधी दोन शिलकी दिसतात, एक खात्यातली आणि एक वापरता येण्याजोगी. या दुसऱ्या आकड्यावर मी वर्षानुवर्षं डोळे मिटून विसंबले होते. पण त्यातही मी लिहून दिलेला आणि अजून न भरलेला चेक धरलेला नसतो. धरणार कुठून, बँकेला त्याचा पत्ताच नसतो.

त्या आठवड्यात मी एक जाड, रेघा मारलेली वही घेऊन बसले. पहिली चूक लगेच झाली. मला वाटलं, हिशोब नीट करायचा तर मुळापासून करू. वर्षभराचे खातेउतारे काढले, जुन्या पावत्या पसरल्या आणि मागच्या अकरा महिन्यांतली प्रत्येक नोंद वहीत उतरवायला घेतली. चार रात्री गेल्या. तिसऱ्या महिन्यापर्यंत पोचले तेव्हा लक्षात आलं की मी फक्त बँकेचा उतारा हाताने नकलून काढते आहे. त्यात माझं स्वतःचं असं काहीच नव्हतं, कारण त्या दिवसांत मी काही लिहिलंच नव्हतं. नक्कल मूळ प्रतीशी जुळणारच. ती जुळली म्हणून काय सिद्ध होणार?

ती पानं मी फाडून टाकली नाहीत, पण तिथेच सोडली. मग सोपं केलं. ताज्या उताऱ्याची अखेरची शिल्लक घेतली. चेकबुकात कोणकोणते क्रमांक वापरले गेले ते पाहिलं. त्यातले कोणते वटले ते उताऱ्यात शोधून खोडत गेले आणि जे उरले ते कोणाला, कितीचे दिले होते ते आठवून, दोन ठिकाणी फोन करून पक्कं केलं. ते बँकेच्या शिलकीतून वजा केले. आलेला आकडा नव्या पानावर पहिल्या ओळीत लिहिला, 'आरंभीची शिल्लक'. मागचं सगळं त्या एका ओळीत आलं. ज्याला आज सुरुवात करायची आहे त्याला मी हेच सांगेन, मागे जाऊ नका. एक पक्की तारीख धरा आणि तिथून पुढे चाला.

वहीत रकाने सात आखले. तारीख, चेक क्रमांक, कोणाला आणि कशासाठी, नावे (खात्यातून गेलेले), जमा (खात्यात आलेले), एक अगदी अरुंद रकाना खुणेसाठी आणि शेवटी शिल्लक. खुणेचा रकाना सुरुवातीला मला उगाच वाटला होता. महिन्याअखेरीला कळलं की सगळी वही त्याच्यावर उभी आहे.

चेकच्या बाबतीत मी स्वतःला एक शिस्त लावली. आधी स्थळप्रत भरायची, मग चेक लिहायचा, आणि मगच तो फाडायचा. उलट क्रमाने केलं की चेक समोरच्याच्या खिशात जातो आणि स्थळप्रत कोरी राहते, हे मी पुष्कळ वेळा अनुभवलं होतं. लिहिताना बिघडलेल्या चेकचीही वहीत ओळ करायची आणि पुढे 'रद्द' लिहायचं. चेकचे क्रमांक ओळीने येतात. मधला एखादा क्रमांक वहीत नसेल तर तो बिघडला, हरवला की कोणाला दिला, हे सहा महिन्यांनी कोण सांगणार?

सगळ्यात अवघड होतं ते त्याच वेळी लिहिणं. पहिल्या महिन्यात मी कितीदा तरी "रात्री लिहू" म्हणून सोडलं आणि मग तीन-चार दिवसांचं एका बैठकीत, अर्धं पावत्यांवरून आणि अर्धं आठवणीने उतरवलं. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

महिना संपला, उतारा आला. वहीत सत्तेचाळीस नोंदी झाल्या होत्या. वहीची अखेरची शिल्लक ३९,१६८. बँकेची ४२,३१८. दोन आकडे इतके लांब पाहून पूर्वीची मी घाबरले असते. आता निदान एवढं कळत होतं की हे दोन्ही आकडे एकाच वेळी बरोबर असू शकतात आणि त्यांच्या मधल्या अंतराचा जाब प्रत्येक ओळीला विचारता येतो. हिशोबनीस लोक याला बँक जुळवणी पत्रक म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण काम एका कागदाच्या दोन बाजूंचं आहे.

डाव्या बाजूला बँकेची शिल्लक. बँकेला अजून न कळलेल्या गोष्टी तिच्यात घालायच्या. माझे तीन चेक वटायचे होते, ४,५००, १,२७५ आणि ८६० चे. मिळून ६,६३५, ते वजा. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी भरलेला ३,००० चा एक चेक अजून जमा झालेला नव्हता, तो अधिक. आकडा आला ३८,६८३.

उजव्या बाजूला वहीची शिल्लक. इथे मला न कळलेल्या गोष्टी घालायच्या. बँकेने ४१२ व्याज दिलं होतं, ते अधिक. कार्डाचं वार्षिक शुल्क ११८, ते वजा. आणि एक ओळ अशी होती की ती पाहून मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले. १,४९९, एका ऑनलाइन सेवेची वर्षाची वर्गणी. पहिला महिना फुकट म्हणून मी कधीतरी नाव नोंदवलं होतं, कार्डाचा क्रमांक दिला होता आणि विसरले होते. आदल्या वर्षीही ही रक्कम गेली असणार. मी पाहिलंच नव्हतं. तीही वजा केली. उत्तर आलं ३७,९६३.

डावीकडे ३८,६८३, उजवीकडे ३७,९६३. फरक ७२०.

रात्रीचे अकरा वाजून गेले होते. फरक माझ्या बाजूचा होता, म्हणजे बँकेत माझ्या वहीपेक्षा जास्तच पैसे होते. चेक परत जायची भीती नव्हती. मी पेन्सिलीने वहीत शेवटची ओळ लिहिली, 'जुळवणीसाठी अधिक ७२०', आणि वही मिटली. दोन्ही बाजू सारख्या झाल्या. झोप मात्र लागेना. इतके दिवस लिहिलेल्या सगळ्या ओळी खऱ्या होत्या, ही एकच मी रचली होती. सकाळी उठल्यावर चहाआधी ती खोडून टाकली.

ती खोडली हे किती बरं झालं ते पुढे कळेल. लहान फरक लहान चुकीतूनच येतो असं आपण धरून चालतो. हे गृहीतच घातक आहे. दोन मोठ्या चुका एकमेकींच्या विरुद्ध ओढत असतील तर वर दिसणारा फरक चिमूटभर असू शकतो आणि तो सोडून दिला की दोन्ही चुका वहीत कायम घर करून राहतात.

शोधायला बसले. शाळेत आम्हाला बेरजेचा ताळा नवाने पाहायला शिकवलं होतं. आकड्यातल्या अंकांची बेरीज करायची, एक अंक उरेपर्यंत करत राहायची आणि मग ताडून पाहायचं. तो नऊ हिशोबातही कामाला येतो, पण वेगळ्या वाटेने. दोन शेजारचे अंक उलटसुलट लिहिले गेले तर होणारा फरक नेहमी नवाने भागला जातो. ५२ चे २५ झाले, फरक २७. ७४ चे ४७ झाले, फरक पुन्हा २७. याचं कारण साधं आहे. दहापट असलेला अंक एकपट होतो आणि एकपट असलेला दहापट, म्हणजे दोघांतला फरक नऊ वेळा हलतो. एक शून्य जास्त किंवा कमी पडलं तरी हेच, ८० च्या जागी ८०० लिहिले तर फरक ७२०.

७२० ला नवाने भाग जातो. ८० वेळा. मला वाटलं, सापडलंच!

८० म्हणजे आठ दहा, तेव्हा दशक आणि शतकाच्या घरातले अंक उलटले असावेत आणि त्या दोन अंकांत आठाचा फरक असावा. एक आणि नऊ, किंवा शून्य आणि आठ. ८०० ची एक सोडली तर अशी एकही नोंद वहीत नव्हती. मग शून्याची शंका. तीही त्या ८०० च्याच नोंदीला लागू पडत होती आणि तिची दिशाही जुळत होती. फरकाला दिशा असते, हे तोवर माझ्या ध्यानात आलं होतं. वही बँकेपेक्षा कमी दाखवत असेल तर एक तर खर्च जास्त लिहिला गेलाय किंवा जमा कमी, किंवा जमेची रक्कम चुकून खर्चात गेलीय. ८० च्या खर्चाचे ८०० लिहिले असतील तर सगळं बसत होतं. पावती शोधून काढली. ८०० च होते.

दुसरी कसोटी निम्म्याची. एखादी रक्कम जमेऐवजी नावे पडली तर चूक दुप्पट होते, कारण ती मिळवायची राहते आणि वर वजाही होते. म्हणून फरकाचं निम्मं करायचं आणि तो आकडा शोधायचा. ७२० चे निम्मे ३६०. वहीत ३६० ची नोंदही निघाली आणि माझा जीव पुन्हा वर-खाली झाला. ती औषधांची होती, खर्चच होता, बरोबर रकान्यात होता.

मग बेरजा-वजाबाक्या पुन्हा केल्या, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. एकाच जागी हातचा राहिला की त्याखालच्या सगळ्या शिलकी चुकतात, म्हणून आशा होती. दोन पानं झाली, सगळ्या शिलकी बरोबर. तो रविवार तिथेच संपला.

सोमवारी संध्याकाळी लेक जवळ येऊन बसली. ती तेरा वर्षांची आहे. "आई, तू कालपासून तेच पान पाहतेयस," ती म्हणाली. मी तिला उतारा दिला आणि म्हटलं, "तू एकेक ओळ वाच. तारीख आणि रक्कम. मी वहीत शोधते, सापडली की 'हो' म्हणते. मग तू तिथे ठिपका दे, मी इथे देते."

ही युक्ती माझी नाही. १४९४ साली व्हेनिसमध्ये छापल्या गेलेल्या लुका पाचोली यांच्या गणितग्रंथात द्विनोंदी हिशोबाची, म्हणजे प्रत्येक व्यवहार एकदा नावे आणि एकदा जमा असा दोनदा लिहिण्याची पद्धत सविस्तर मांडलेली आहे आणि वह्या ताडून पाहण्याची रीतही तिथे दिली आहे. रोजकीर्द (रोजच्या नोंदींची वही) मदतनिसाच्या हातात द्यायची, खातेवही (त्याच नोंदी खात्यांनुसार लावलेली वही) आपल्याकडे ठेवायची, त्याने नोंद वाचायची, आपण ती शोधायची आणि ठिपका द्यायचा. शेवटी जिथे ठिपका पडला नाही तिथे गडबड. पाचशेहून जास्त वर्षं झाली, तरी दोन माणसं आणि दोन वह्या यांच्यापेक्षा चांगलं काही मला सापडलेलं नाही. एकट्याने पाहताना डोळा फसतो. जे असायला हवं तेच तो वाचतो. दुसऱ्याचा आवाज कानावर पडला की आकडा जसा आहे तसा ऐकावा लागतो.

अठराव्या की एकोणिसाव्या ओळीला ती म्हणाली, "दोन हजार आठशे साठ."

मी 'हो' म्हणणार होते. ओठांवर आलं होतं. वहीत चेक क्रमांक तोच होता, तारीख जवळची होती, पण समोर लिहिलं होतं २,६८०.

"पुन्हा वाच."

"दोन हजार आठशे साठ."

स्थळप्रत काढली, २,८६०. पावती, २,८६०. चूक माझ्याच वहीत होती. चार दिवसांचं एकदम उतरवलं होतं त्या रात्रीची नोंद. अंक तेच, जागा बदललेल्या. बेरजेचा ताळा इथे आंधळा ठरतो, कारण दोन्ही आकड्यांतल्या अंकांची बेरीज सोळाच येते. म्हणून तर माझी नजर आदल्या दिवशी दोनदा या ओळीवरून घसरून गेली होती.

आनंदाने मी १८० चा हिशोब केला, आणि हात थबकला. खर्च मी १८० ने कमी लिहिला होता. म्हणजे तो दुरुस्त केल्यावर वहीची शिल्लक आणखी खाली येणार. ३७,९६३ चे झाले ३७,७८३. आणि डावीकडे तेच ३८,६८३.

फरक आता ७२० राहिला नव्हता. ९०० झाला होता.

"चूक सापडली तरी फरक वाढला?" लेकीने विचारलं. तिचा चेहरा उतरला होता. माझाही उतरला असणार. खरी चूक शोधून, खरी दुरुस्ती करून आपण उत्तरापासून आणखी लांब जातो, हे मनाला पटतच नाही. तेव्हा क्षणभर वाटलं, ती १८० ची दुरुस्तीच मागे घ्यावी. पण तीन कागद २,८६० म्हणत होते. तीन कागद सांगतात ते आपल्याला आवडणाऱ्या आकड्यापेक्षा मोठं.

मग मी ९०० कडे नीट पाहिलं. निम्मे ४५०.

"चारशे पन्नास शोध," मी म्हणाले, "उताऱ्यात. जमेच्या बाजूला."

तिचं बोट खाली सरकत गेलं आणि दुसऱ्या पानाच्या मध्यावर थांबलं. "आई, हे बघ. चारशे पन्नास, जमा!"

मी तिच्यासाठी घेतलेले बूट लहान झाले म्हणून परत केले होते. दुकानाने पैसे कार्डावर परत टाकले होते. मी वहीत दुकानाचं नाव लिहिलं, तारीख लिहिली, रक्कम लिहिली आणि दुकानाचं नाव आलं म्हणून हात सवयीने नावेच्या रकान्यात गेला. परत आलेले पैसे मी पुन्हा खर्च केले होते, कागदावर.

म्हणजे एक चूक वहीला १८० ने वर ढकलत होती, दुसरी ९०० ने खाली ओढत होती आणि वर दिसत होते ७२०. हा आकडा कोणत्याच चुकीचा नव्हता. त्याला नवाने भाग जाणं, ८०० ची नोंद सापडणं, ३६० ची नोंद सापडणं, सगळे योगायोग होते. नवाची आणि निम्म्याची कसोटी चूक एकच असेल तेव्हा तीरासारखी लागते. चुका दोन असतील तर ती भलतीकडे नेते. म्हणून आता मी आधी ठिपके देते आणि कसोट्या उरलेल्या फरकावर लावते. त्या दिवशी उलट क्रमाने गेले आणि रविवार गमावला.

दुरुस्ती कशी करायची यावर मी थोडी अडले. खोडून नवा आकडा लिहिला तर त्याखालच्या सगळ्या शिलकी बदलाव्या लागतात, पान खाडाखोडीने भरतं आणि चूक नेमकी काय होती तेही दिसेनासं होतं. म्हणून मागच्या नोंदींना हात लावला नाही. शेवटच्या ओळीखाली त्या दिवशीच्या तारखेने दोन नव्या नोंदी केल्या. एकीत, अमुक क्रमांकाच्या चेकची दुरुस्ती, नावे १८०. दुसरीत, बुटांचा परतावा चुकून नावे पडला त्याची दुरुस्ती, जमा ९००. इथे पुष्कळजण ४५० लिहून मोकळे होतात. ४५० ने फक्त चुकीचा खर्च पुसला जातो, जमा व्हायची रक्कम राहूनच जाते. दोन्ही करायला ९०० लागतात.

३७,७८३ अधिक ९००. लेकीने बेरीज केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. ३८,६८३. डावीकडे ३८,६८३.

आम्ही दोघींनी तो कागद बराच वेळ पाहिला. मला त्या वेळी घरमालकांच्या फोनची आठवण झाली आणि पहिल्यांदाच त्या आठवणीने लाज वाटली नाही. हे ३८,६८३ माझे होते. कोणाला देऊन बसलेले नाहीत, कोणाच्या डायरीत अडकलेले नाहीत.

त्यानंतरचे महिने सोपे गेले, त्यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दुसऱ्या महिन्याला दीड तास लागला, चौथ्याला चाळीस मिनिटं. ती वर्गणी बंद केली. पाचव्या महिन्यात बँकेनेच एक शुल्क दोनदा कापलेलं ठिपके देताना सापडलं. एका ओळीला वहीत जोडीदार होता, दुसरीला नव्हता. मी दोन तारखा लिहून अर्ज दिला, आठवड्यात पैसे परत आले. त्या वेळी मी शाखेत शांतपणे बोलू शकले, कारण या वेळी कोणाचं चुकलं ते मला माहीत होतं.

मैत्रिणी म्हणतात, आता तर मोबाइलमध्ये सगळं आपोआप होतं, वही कशाला? मी अॅप वापरून पाहिलं आहे. खर्चाची वर्गवारी ते झकास दाखवतं, त्यासाठी ते मी अजूनही ठेवलं आहे. पण ज्या अॅपमध्ये नोंदी थेट बँकेतून येऊन पडतात ते बँकेशी जुळणारच, माझ्या त्या अकरा महिन्यांच्या नकलेसारखं. जुळवणीला अर्थ येतो तो दोन वेगळ्या हातांनी, एकमेकांना न विचारता लिहिलेल्या नोंदी समोरासमोर ठेवल्यावर. त्यातली एक बँकेची. दुसरी स्वतःच्या हाताने, पैसे देतानाच झालेली हवी, मग ती वहीत असो, संगणकाच्या तक्त्यात असो की अॅपमध्ये हाताने भरलेली. मला वही बरी वाटते, कारण मागचं पान उलटून पाहता येतं आणि लेकीला शेजारी बसता येतं.

वटायच्या चेकांची यादी मी दर महिन्याच्या कागदावर नव्याने लिहिते. पहिल्या महिन्यातल्या तिघांपैकी ४,५०० आणि १,२७५ चे चेक पुढच्याच महिन्यात वटले. ८६० चा राहिला. तो लेकीच्या चित्रकलेच्या बाईंना दिलेला होता. दुसऱ्या महिन्यात तो यादीत, तिसऱ्या महिन्यातही यादीत. बँकेच्या शिलकीतून मी दर वेळी ते ८६० वजा करत होते. तिसऱ्या महिन्यानंतर बाईंना फोन केला. "अगं, असेल कुठेतरी, भरते," त्या म्हणाल्या. सातव्या महिन्यात त्यांना तो एका चित्रांच्या फाइलमध्ये सापडला. तोवर चेकची मुदत उलटून गेली होती.

मी त्यांच्याकडे गेले, जुना चेक परत घेतला आणि तिथेच बसून आधी स्थळप्रत भरली, मग नवा चेक लिहिला. घरी येऊन वहीत दोन ओळी केल्या. जुन्या क्रमांकासमोर 'मुदत संपल्याने रद्द', जमा ८६०. खाली नवा क्रमांक, बाईंचं नाव, नावे ८६०. शिल्लक जिथल्या तिथे राहिली. पुढच्या उताऱ्यात लेकीने वाचलं, "आठशे साठ," आणि मी 'हो' म्हणून त्या अरुंद रकान्यात ठिपका दिला.